पुढे काय झालं

जावक नोंदवहीत, म्हणजे बाहेर गेलेल्या पत्रांच्या वहीत, साधारण पाच रकाने असतात : अनुक्रमांक, दिनांक, कोणास पाठविले, विषय आणि शेरा. दुकानातून छापील वही आणली तर ती बहुधा अशीच येते. अण्णांच्या वहीत सहावा रकाना असायचा. नवी वही आली की त्या संध्याकाळी ऑफिसातली गर्दी ओसरल्यावर ते लाकडी पट्टी आणि लाल बॉलपेन घेऊन बसायचे आणि शेऱ्याची जागा मधोमध कापत प्रत्येक पानावर एक उभी रेघ ओढायचे. २०० पानं असली तर २०० रेघा. मी एकदा म्हटलं, "अण्णा, द्या, मी मारते." तर म्हणाले, "राहू दे. एवढं एक काम माझ्याकडे असू दे." वर, छापील मथळ्यांच्या ओळीत, बारीक अक्षरात ते लिहायचे : पुढे काय झालं. बाकीचे सगळे मथळे सरकारी मराठीतले आणि हा एकटा बोलण्यातला. मथळ्यात ‘झाले’ असं त्यांनी कधीच लिहिलं नाही.

अण्णा गेल्या महिन्यात थांबले. ३४ वर्षं ते ठाण्यात आमदारांचे स्वीय सहायक होते, लोकांच्या भाषेत पीए. दोन आमदारांकडे त्यांनी काम केलं. त्या आमदारांची नावं मी इथे लिहिणार नाही, पक्षही लिहिणार नाही, आणि अण्णांचं नावही नाही. आमदाराचं नाव आलं की वाचणारा आधी त्या नावाकडे बघतो आणि मजकूर मागे पडतो. मला टेबलामागे बसलेल्या माणसाबद्दल लिहायचं आहे.

निरोपाच्या कार्यक्रमासाठी मानपत्र मीच लिहिलं होतं. ते फ्रेम होऊन त्यांच्या घरी गेलंही. त्यात ‘कार्यतत्पर’ आलं, ‘ऋजू’ आलं, ‘जनसामान्यांचे आधारस्तंभ’ आलं. लाल रेघ आली नाही. मानपत्राच्या भाषेत ती बसवायची कशी ते मला सुचलं नाही. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

माझी त्यांची ओळख २००८ च्या ऑगस्टमधली. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत फिटर होते. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. आमच्या चाळीतली निम्मी माणसं तिथे कामाला. पहाटे पावणेसातला चाळीतून डबे निघायचे ते सगळे त्याच दिशेला. मग एकेक कंपनी बंद पडत गेली, काही बाहेर गेल्या, आणि बाबा रात्रपाळीचे वॉचमन झाले. त्या पावसाळ्यात एका सकाळी ड्युटीवरून घरी येताना त्यांना टेम्पोने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. ज्यांनी उचललं त्यांनी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर म्हणाले, आधी ५० हजार भरा. आईच्या पर्समध्ये अकराशे रुपये होते.

चाळीतले एक काका म्हणाले, आमदारांच्या ऑफिसात जा. मी १९ वर्षांची होते. तलावपाळीपासून चालत सात-आठ मिनिटांवर एका इमारतीच्या तळमजल्यावर तो गाळा होता. बाहेर ओल्या छत्र्या, आत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक टेबल. मला वाटलं होतं आमदार भेटतील. आमदार नव्हतेच. टेबलामागे हाफ शर्टातला एक माणूस होता, खिशाला दोन पेनं. मी दारात आले आणि तो माणूस उभा राहिला.

ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली, कारण तोवर माझ्यासाठी कुठल्याही ऑफिसात कोणी उभं राहिलं नव्हतं.

त्यांनी तीन प्रश्न विचारले. पेशंटला वर घेतलंय की अजून खालीच ठेवलंय? रेशन कार्ड कुठल्या रंगाचं? हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का? पहिल्या दोन्हींची उत्तरं मला देता आली. तिसऱ्याचं त्यांनीच डायरीत बघून दिलं. मग मला समोर बसवून सावकाश सांगितलं, जणू बाहेर दहा माणसं ताटकळलेली नाहीतच. धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. तातडीच्या वेळी अशा रुग्णाकडे अनामत मागता येत नाही. मी ऐकत होते आणि मला काउंटरवरचा तो माणूस आठवत होता. त्याला हे सगळं ठाऊक असणारच.

पत्र दहा मिनिटांत टाइप झालं. खाली ‘प्रत : धर्मादाय सहआयुक्त’. हातात देताना म्हणाले, "हे घेऊन मॅनेजरकडे जाऊ नकोस. मेडिकल सोशल वर्कर कुठे बसतात ते विचार. झेरॉक्सवर पोच घे, सही आणि शिक्का दोन्ही. आणि उद्या तहसीलला जाऊन उत्पन्नाच्या दाखल्याला लाव. आईला पाठवू नकोस, तिला बाबांजवळ राहू दे."

बाबांचं ऑपरेशन झालं, मांडीत रॉड बसला. आज ते काठी घेऊन का होईना चालतात. पण मला सांगायचंय ते तिसऱ्या दिवसाचं. संध्याकाळी माझ्या मोबाइलवर लॅंडलाइनचा नंबर आला. "मी आमदारांच्या ऑफिसातून बोलतोय. पुढे काय झालं, पोरी?" मला वाटलं, आता आभार मानायला बोलवतील, किंवा फोटो काढायला. मी सगळं सांगितलं. ते मधूनमधून ‘हं’ म्हणत होते आणि कागदावर पेन चालल्याचा आवाज येत होता. मग "बरं. दाखला मिळाला का?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या वर्षी माझी मराठी ३० ची टायपिंगची परीक्षा झाली आणि मी त्याच ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. सहा वर्षं होते. तिथेच वहीच्या जुन्या गठ्ठ्यात मला माझं पान सापडलं. जावक क्रमांक, तारीख, हॉस्पिटलचं नाव, ‘रुग्णास सवलतीच्या दरात उपचार मिळणेबाबत’. आणि लाल रेघेच्या पलीकडे : ‘ऑपरेशन झाले. मुलगी धीराची आहे. दाखला बाकी.’ खाली आठ दिवसांनी वेगळ्या पेनाने : ‘दाखला मिळाला.’

त्या रकान्यात मी काय काय वाचलं आहे! ‘संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान बंद झालेबाबत’ : ‘हयातीचा दाखला राहिला होता. जोडला. पैसे आले. आजी स्वतः येऊन सांगून गेल्या.’ तेव्हा ते अनुदान महिन्याला ६०० रुपये होतं, आता १,५०० आहे; पण ६०० थांबले म्हणून चालत आलेली बाई काय अवस्थेत येते ते मी पाहिलं आहे. ‘चाळीत पाणी कमी दाबाने येत असलेबाबत’ : ‘लाइन बदलली. मागच्या चार खोल्यांना अजून नाही. परत लिहिणे.’ ‘शाळेत प्रवेश मिळणेबाबत’ : ‘नाही मिळाला. मुलगा दुसऱ्या शाळेत घातला. वडील नाराज आहेत.’ हे ‘नाही मिळाला’ही ते लिहायचे, तेवढ्याच स्पष्ट अक्षरात. २००५ च्या वहीची खालची पानं २६ जुलैच्या पाण्याने फुगली आहेत, शाई पसरली आहे. तरी ऑगस्टमध्ये त्यांनी फुटलेल्या अक्षरांवरून पुन्हा पेन फिरवून त्या नोंदी जिवंत ठेवल्या.

बाहेरून बघणाऱ्याला पीएचं काम म्हणजे शिफारसपत्रं देणं आणि साहेबांची वेळ सांभाळणं एवढंच दिसतं. पत्र कोणीही देतो. ठाण्यात आमदारांच्या लेटरहेडवरच्या पत्रांचा कुठल्याही खात्यात तोटा नाही; गठ्ठे पडलेले असतात. अण्णांचं पत्र गेलं की आठव्या दिवशी फोन जायचा, पंधराव्या दिवशी स्मरणपत्र, आणि मग ते स्वतः जायचे. सकाळी दहाच्या आत, कारण साहेब लोक मीटिंगला जाण्याआधी टेबलावरचा लिपिक जागेवर सापडतो. कोर्ट नाक्याला जिल्हाधिकारी कार्यालय, तिथून तहसील, पालिका, आठवड्यातून एकदा बेलापूरचं कोकण भवन. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली तेव्हा त्यांना किती आनंद झाला होता ते ते अजून सांगतात. आधी बसने अर्धा दिवस जायचा; लोकलमुळे त्यांची दोन ऑफिसं जास्त होऊ लागली.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्याआधी जव्हार-मोखाड्यापासून बेलापूरपर्यंत सगळा एकच ठाणे जिल्हा. जिल्ह्याच्या ठिकाणी कामाला आलेला माणूस तिथे हेलपाटा फुकट गेला की कोणी सांगितलं म्हणून आमच्याकडे यायचा. मतदारसंघ कुठला, हे अण्णांनी त्याला कधी विचारलं नाही. विचारायचे ते एकच : परतीची एसटी किती वाजताची? लांबून आलेल्याचं काम आधी. आम्हा ठाण्यातल्यांना ते थांबायला सांगत, आणि कोणी कुरकुर केली तर म्हणत, "तुम्हाला रिक्षा मिळेल. त्यांची गाडी चुकली तर रात्र स्टॅंडवर काढावी लागेल."

नवी मुंबईतून प्रकल्पग्रस्तांचे कागद यायचे, ते सर्वांत जाड. शहर वसवायला सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासईकडे झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. योजना आली तरी प्रत्येक घराला आपला भूखंड कागदोकागदी मिळवावा लागला. वारस नोंद, सातबारा, जुना निवाडा, भावकीची संमती. कोपरखैरण्याकडचे एक आजोबा यायचे, कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी लुंगीच्या गाठीशी. त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा यायला लागला, तीच पिशवी घेऊन. अण्णांच्या तीन वेगवेगळ्या वह्यांमध्ये त्या घराच्या नोंदी आहेत. शेवटची मी असतानाची, भूखंड देऊ असं सिडकोचं पत्र आलं तेव्हाची : ‘इरादापत्र मिळाले. आजोबा असायला हवे होते.’

मला त्यांच्याकडून सर्वांत जास्त शिकायला मिळालं ते विधानसभेचे प्रश्न तयार करताना. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नाचा, एक ठरलेला साचा असतो. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, मग पहिला भाग, ‘हे खरे आहे काय’. दुसरा ‘असल्यास’ने सुरू होतो. आणि शेवटचा जवळजवळ नेहमीच ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ मला तो साचा कोरडा वाटायचा. अण्णांना तो फार आवडायचा. ते म्हणायचे, "बघ, गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस दहा गोष्टी एकदम सांगतो. रडतो, चिडतो. त्यातली एक गोष्ट अशी शोधायची की जिला ‘हे खरे आहे काय’ विचारलं तर समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागेल."

शहापूर तालुक्यातल्या पाण्याचा प्रश्न आम्ही असाच लिहिला होता. भातसा धरण तिथे, तानसा तिथे. मुंबई त्या पाण्यावर जगते, आपल्या ठाण्यालाही ते पाणी येतं. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर. पाड्यावरून आलेल्या बायकांनी दोन तास सांगितलेलं मी सात पानांत लिहून घेतलं होतं. अण्णांनी त्याचे चार भाग केले, सगळे मिळून दीड पान. एकही विशेषण ठेवलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, ती बाई म्हणाली ना, विहिरीत उतरताना सुनेचा पाय मोडला, ते नाही घेतलं?" म्हणाले, "ते साहेब सभागृहात उठून बोलतील तेव्हा. ते त्यांच्या हातात मी वेगळ्या कागदावर देणार आहे. प्रश्नात आधी मंत्र्यांना ‘होय’ म्हणू दे."

उत्तर आलं तेव्हा पहिल्या भागाला ‘होय’ नव्हतं. ‘हे अंशतः खरे आहे’ असं होतं. माझं तोंड उतरलं. अण्णांनी ‘अंशतः’ या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि म्हणाले, "आता उपप्रश्न सापडला. कुठला अंश खरा आहे?"

मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’ म्हटलं की ते आश्वासन होतं, आणि आश्वासन समिती त्याचा मागोवा घेते. अण्णा समितीची वाट बघत बसत नसत. कामकाजाच्या छापील वृत्तांतातून ते वाक्य हुडकून त्याची झेरॉक्स संबंधित खात्याला जायची, जावक क्रमांकासह, आणि वहीत नोंद पडायची. त्या पाड्यांपैकी दोन ठिकाणी पुढे नळपाणी पोचलं. बाकीच्यांच्या ओळी त्या वहीत अजून कोऱ्या आहेत.

आता त्यांच्या उभं राहण्याबद्दल. मी लागून तीनेक महिने झाले होते. अधिवेशन तोंडावर होतं, मी भराभर टाइप करत होते. एक माणूस निवेदन घेऊन आला. मी एका हाताने कागद घेतला, बाजूला ठेवला, ‘बघतो आम्ही’ म्हटलं. अण्णा पलीकडे फोनवर होते. त्यांनी फोन ठेवला, त्या माणसाशी बोलले, त्याला दारापर्यंत सोडून आले. मग माझ्यासमोर बसले. आवाज चढवला नाही, नागपूरची एक आठवण सांगितली.

नागपूर करारामुळे वर्षातून एक अधिवेशन नागपूरला होतं, हे आपल्याला माहीत असतं. अण्णा १९९४ च्या हिवाळी अधिवेशनात तिथे होते, नोकरीचं चौथं वर्ष. २३ नोव्हेंबरला गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, अनुसूचित जमातीत समावेश करा म्हणून. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला पोलिसांनी अडवलेला. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. बाया आणि मुलं जास्त. अण्णा त्या वेळी आमदार निवासात दुसऱ्या दिवशीच्या लक्षवेधी सूचनेचा मजकूर टाइप करत होते. बातमी आली तेव्हा टाइपरायटरमध्ये कागद तसाच होता, आणि तो कागद त्यांनी रात्रभर काढला नाही.

"ती माणसं मारामारी करायला आली नव्हती गं," ते मला म्हणाले. "कागद द्यायला आली होती. कोणीतरी येईल आणि आपला कागद घेईल, म्हणून थांबली होती." मग जरा वेळाने, "आपल्याला त्यांचं सगळं करता येत नाही. पण कोणी कागद घेऊन आलं तर उठून घ्यायचा. दोन्ही हातांनी. एवढं तर येतं ना?"

मी आज एका शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे. पालक दाखला मागायला येतात तेव्हा मी उठते. ते मला शिकवलेलं आहे.

पीए म्हटलं की लोकांच्या मनात दुसरंही चित्र येतं. बदलीचे दर, ठेकेदारांच्या गाड्या, ‘बघून घेऊ’ची भाषा. अशी माणसं आहेत, मी जवळून पाहिली आहेत, आणि त्यांच्यामुळे अण्णांसारख्यांनाही ‘काय, भरपूर कमावलं असेल’ ऐकावं लागतं. अण्णा कळव्याला दोन खोल्यांत राहतात. आमदाराने नेमलेला पीए सरकारी नोकर नसतो. त्याचं मानधन विधानमंडळाकडून येतं आणि आमदारकी असेतोवरच येतं. साहेब पडले की दुसऱ्या दिवसापासून तो घरी. अण्णांच्या आयुष्यात असा काळ एकदा आला. तेव्हा ते दिवसा एका दुकानाचा हिशेब लिहायचे आणि संध्याकाळी आपल्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. वही चालूच होती, फक्त जावक क्रमांक नव्हते. माजी आमदाराला आज दरमहा किमान ५० हजार रुपये निवृत्तिवेतन मिळतं. आमदाराची ३४ वर्षांची कागदपत्रं सांभाळणाऱ्याला काही मिळत नाही. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र ते बोलायचं आहे, आणि ज्यांच्या हातात हे बदलणं आहे त्यांनी ते एकदा सभागृहात विचारावं असं मला मनापासून वाटतं. साचा तयारच आहे.

त्यांच्या हातून सगळं नीट झालं असंही नाही. ते शब्द पटकन द्यायचे. एका शब्दाचं ओझं त्यांना अजून उतरवता आलेलं नाही.

४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. त्या पावसाळ्याआधी ठाण्यात धोकादायक इमारतींचा विषय घराघरात होता. आमच्या भागातल्या एका चार मजली इमारतीला अतिधोकादायक म्हणून नोटीस आली. १८ कुटुंबं. खांबांच्या सळ्या बाहेर आलेल्या, जिन्याला टेकू. तरी कोणी निघायला तयार नव्हतं, कारण एकदा बाहेर पडलेला माणूस परत घरात जात नाही हे ठाण्यातल्या लोकांना चांगलं माहीत आहे. पालिकेची माणसं येऊन गेली, पोलीस येऊन गेले. मग अण्णा गेले, मला बरोबर घेऊन. चार संध्याकाळी आम्ही त्या टेकूच्या जिन्यावरून वर-खाली केलं.

तिसऱ्या मजल्यावर एक मावशी होत्या, सत्तरीच्या. त्या भाकरी करत होत्या. अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. मावशी तव्याकडे बघतच म्हणाल्या, "मेले तर इथेच मरेन. नवऱ्याने पै-पै करून घेतलीय." अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. भाकरी फुगली, मावशींनी ती निखाऱ्यावर नाही, गॅसच्या ज्योतीवर फिरवली, ताटात टाकली आणि ताट अण्णांपुढे सरकवलं. अण्णांनी खाल्ली. मग म्हणाले, "दोन वर्षं, मावशी. दोन वर्षांत नवी इमारत. मी शब्द देतो." मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. चार दिवसांनी सामान खाली उतरलं.

त्या जुलैत मागचा सज्जा कोसळला. आत कोणी नव्हतं. तेवढं त्यांच्या शब्दाने झालं, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं आहे. ते ऐकून घेतात.

काही कुटुंबं भाड्याने गेली, काही रेंटलच्या, म्हणजे सरकारी भाडेघर योजनेतल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांत. बिल्डर आला, पाया खणला आणि काम अर्ध्यावर टाकून निघून गेला. मग दुसरा आला, मग कोर्ट. पहिली तीन स्मरणपत्रं मी टाइप केली. नंतर मी ते ऑफिस सोडलं, बाकीची दुसऱ्यांनी केली. २०१९ मध्ये मावशी रेंटलच्या खोलीत गेल्या. अण्णा खांदा द्यायला होते. त्या दिवशी त्यांनी वहीतल्या त्या ओळीपुढे काही लिहिलं असेल म्हणून मी नंतर बघितलं. कोरी होती.

निरोपाचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात झाला. अण्णांना मधुमेह आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, बारीक अक्षर आता दिसत नाही, म्हणून थांबले. साहेब मनापासून बोलले. तहसीलमधले दोन निवृत्त अव्वल कारकून बोलले. त्यातले एक म्हणाले, "आठव्या दिवशी फोन येणार हे माहीत असायचं, म्हणून ह्यांचा कागद आम्ही गठ्ठ्यात वरच ठेवायचो." त्या सगळ्या संध्याकाळीत मला हे वाक्य सर्वांत खरं वाटलं. माझे बाबा काठी टेकत आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. शाल झाली, श्रीफळ झालं, मी मानपत्र वाचलं.

मग लोक रांगेने भेटायला वर येऊ लागले. फुलं, पाया पडणं, फोटो. अण्णा खुर्चीत बसून सगळ्यांना नमस्कार करत होते, पाय सुजल्यामुळे डॉक्टरांनी उभं राहू नका म्हणून सांगितलं होतं. रांगेत त्या तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींची सून होती. तिने गुलाब दिला. मग पर्समधून एक घडी केलेला कागद काढला, पण द्यावा की नाही अशी घुटमळली. "आज नको खरं तर," ती म्हणाली. "ऑफिसात देते नंतर."

अण्णा उठले. खांद्यावरची शाल घसरली, मांडीवरचा नारळ मी धरला. दोन्ही हात पुढे करून त्यांनी कागद घेतला, उघडला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. वाचता येईना. मग तो माझ्याकडे न देता त्यांनी तिसऱ्या रांगेत बसलेल्या नव्या मुलाला हाक मारली. त्यांच्या जागी लागलेला पोरगा, २४-२५ वर्षांचा. तो धावत वर आला.

"वाच," अण्णा म्हणाले.

त्याने वाचलं. माइकवाला थांबला होता, मागची रांग थांबली होती. वाचून झाल्यावर पोराने विचारलं, "अण्णा, विषय काय टाकू?"

"विषय तोच. इमारतीतील १८ कुटुंबांना हक्काची घरे मिळणेबाबत. आणि संदर्भात आधीची आठही पत्रं घाल, तारखांसकट."